जुन्या रिळांचं पितळ

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पेन सिनेटर रीळ आणि जवळपास तितकीच वयस्क बर्ट्रम बोट घेऊन खाऱ्या पाण्यात गळ टाकायला जाणारी हौशी मंडळी अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आजही आहेत. दुकानात हलकं, जास्त ताकदीचं नवं सामान मिळत असताना हे लोक जुन्यालाच का धरून बसतात, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘जुनं ते सोनं’. तेव्हाचे कारागीर जीव ओतून काम करत, माल टिकाऊ निघे, हल्ली सगळं तकलादू झालं, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. पण या सामानाचा इतिहास थोडा उकरून पाहिला की हे उत्तर डळमळू लागतं. कारागिरीच्या दृष्टीने त्या काळातली जी सर्वोत्तम रिळं होती, ती आज समुद्रावर जवळपास दिसतच नाहीत. ती संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत आहेत. त्या काळातली सगळ्यांत नामांकित बोटही पाण्यात नाही. खाऱ्या पाण्यात अजून राबतात ती कारखान्यातून घाऊक निघालेली रिळं आणि साच्यातून काढलेल्या बोटी. माझं म्हणणं असं, की जुनी वस्तू वापरात राहते ती तिच्या उत्तमपणामुळे कमी आणि ती खोलता, जोडता, दुरुस्त करता येते म्हणून जास्त.

रीळ जन्माला आलं ते घड्याळजींच्या हातून. केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या सुमारास दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळायची फिरकी कित्येक वेळा फिरे. पुढे फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, तो धंदा नावारूपाला आणला. ही रिळं गोड्या पाण्यातल्या माशांसाठी होती. खाऱ्या पाण्यात ती आणली ती पूर्व किनाऱ्यावरच्या धनिकांनी. १८६४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंक बेटावर त्यांनी क्लब काढला. तिथे खडकांवर लाकडी माच बांधलेले असत, आमिष म्हणून लॉबस्टरचे तुकडे पाण्यात फेकायला पगारी माणूस असे आणि शेटजी माचावर उभे राहून पट्टेदार बास धरत. न्यूयॉर्कचा एडवर्ड व्होम होफ आणि ब्रुकलिनचा ज्युलियस व्होम होफ हे या गिऱ्हाइकांचे रीळकार. जर्मन सिल्व्हरच्या कडा, कडक काळ्या रबराच्या बाजू आणि एकेक स्क्रू हाताने बसवलेला. ही रिळं हातात घेतली तर आजही कुणी सोनाराचं काम म्हणेल.

तरीही या रिळांत एक मोठी खोट होती. फिरकी आणि मूठ एकमेकांना पक्की जोडलेली असे. मासा पळाला की दोरी सुटे, फिरकी उलटी फिरे आणि तिच्याबरोबर मूठही. ती इतक्या जोरात फिरे की बोटं सापडली तर मोडत. या रिळांना इंग्रजीत पडलेलं नाव बोटांची हाडं फोडणारं अशा अर्थाचंच आहे. पळणाऱ्या दोरीला लगाम घालायला रिळाच्या आडव्या दांडीला चामड्याची एक पट्टी असे. ती अंगठ्याने दोरीवर दाबायची, बस्स. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने जून १८९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा ट्यूना पावणेचार तास झुंजून काढला तो असल्याच सामानाने. त्याच वर्षी त्याने ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब स्थापन केला. त्यामागचं कारण लक्षात घेण्याजोगं आहे. कॅटलिनाला येणारे लोक जाड हातदोऱ्यांनी यलोटेल मासे ढिगांनी ओढत आणि बरेचसे वाया घालवत, हे त्याने १८८० च्या दशकात पाहिलं होतं. क्लबने नियम केला की काठी आणि रीळच वापरायचं, आणि दोरी २४ पदरी लिननच्या धाग्याहून जाड नको. मासा पकडणं मुद्दाम अवघड करून ठेवणारा हा नियम होता. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या रिळाची पुढची सगळी प्रगती या स्वतःहून ओढवून घेतलेल्या अडचणीतून झाली.

त्यातला निर्णायक टप्पा विल्यम बॉशेन नावाच्या क्लबच्या सभासदाचा. मूठ स्थिर राहावी आणि दोरी मात्र ठरावीक ओढीलाच सुटावी, ही त्याची कल्पना. ती ज्युलियस व्होम होफच्या कारखान्यात ‘बी-ओशन’ या रिळाच्या रूपाने उतरली. यातला ‘बी’ बॉशेनचाच. ऑगस्ट १९१३ मध्ये जॉर्ज फार्न्सवर्थच्या ‘मेबल एफ’ बोटीवरून बॉशेनने ३५५ पौंडांचा तलवार मासा काढला. काठी आणि रिळाने निघालेला हा पहिला तलवार मासा मानतात. (हा फार्न्सवर्थ ट्यूनासाठी आमिष पतंगाला बांधून लाटांवर नाचवत असे. डोकं दोघांचंही चालायचं.) या रिळातली युक्ती साधी आहे. मुठीच्या आतल्या बाजूला मोठं दातेरी चाक असतं आणि त्याच्या पोटात एकावर एक चकत्या रचलेल्या, एक धातूची, एक चामड्याची, पुन्हा एक धातूची. धातूच्या काही चकत्या चाकाबरोबर फिरतात, काही मुठीच्या नळीबरोबर. बाहेरचं ताऱ्याच्या आकाराचं चाक आवळलं की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा ओढतो तेव्हा फिरकी आणि मोठं चाक फिरतं, मूठ मात्र एका छोट्या खिटीने अडवलेली असते, त्यामुळे सगळी ओढ चकत्यांच्या घर्षणात जिरते. या सोयीला ‘स्टार ड्रॅग’ म्हणतात. शंभर वर्षं उलटली तरी तिच्या मूळ रचनेत फरक पडलेला नाही.

आता गंमत अशी, की ही युक्ती ज्यांच्या हातून घडली त्यांची रिळं वापरातून गेली. झेन ग्रे हा कादंबरीकार जगभर महाकाय मासे धुंडाळत हिंडला. त्याच्यासाठी हॉलीवूडच्या आर्थर कोव्हालोव्स्कीने आणि इंग्लंडच्या हार्डी कंपनीने अवाढव्य रिळं घडवली. या सामानाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असे, आणि एक भाग मोडला तर तो त्याच कारागिराकडून, त्याच रिळाच्या मापाने पुन्हा घडवून घ्यावा लागे. हाताने बसवलेल्या स्क्रूचं हेच दुखणं आहे. तो त्या एका भोकातच बसतो. कारखाना चालू होता तोवर चाललं. कारखाना बंद पडला, कारागीर गेला, की तुटलेल्या एका खिटीपायी अख्खं रीळ शोभेचं झालं.

ओटो हेन्झे हा जर्मनीहून आलेला माणूस. फिलाडेल्फियात ओशन सिटी नावाच्या रीळ कंपनीत नोकरी करून १९३२ साली, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना, त्याने स्वतःची पेन कंपनी काढली. अशा वेळी जर्मन सिल्व्हरची रिळं कोण घेणार? त्याने बेकलाइटच्या बाजू आणि क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ वापरलं. १९३६ साली ‘सिनेटर’ ही मोठ्या माशांसाठीची मालिका आली आणि तिने महाग रिळांचं काम कमी पैशांत करून दाखवलं. हे रीळ दिसायला काही देखणं नाही. वापरून वापरून मुलामा झिजतो आणि अक्षरशः पितळ उघडं पडतं. पण ते खोलून पाहावं. बाजूचे स्क्रू काढले की उजवी बाजू अख्खी हातात येते. ताऱ्याचं चाक काढलं की दातेरी चाक आणि त्याच्या पोटातला चकत्यांचा ढीग दिसतो. प्रत्येक तुकड्याला नंबर आहे आणि त्या नंबराला पद्धत आहे. मोठं दातेरी चाक म्हणजे ५, ड्रॅगची चकती ६, ताऱ्याचं चाक १०, मूठ १५, फिरकी २९, आणि पुढे एक रेघ मारून रिळाचा आकडा. ‘६-६०’ ही चकती पेनच्याच लाँग बीच ६० या रिळात बसते, जिगमास्टर ५०० मध्येही बसते. दर रिळाबरोबर सुट्या भागांचा नकाशा येई. फिलाडेल्फियाला नंबर कळवला की भाग घरपोच. रीळ दुरुस्त करायला रीळकार लागत नाही. पेचकस, थोडं ग्रीस आणि चुकून टेबलाखाली गेलेली स्प्रिंग शोधायचा धीर एवढं पुरतं.

इथे एक आक्षेप हमखास येईल. पेनची रिळं लाखांनी विकली गेली, त्यामुळे काही उरली यात नवल काय? जे उरलं तेच आपल्याला दिसतं आणि त्यावरून आपण गुणगान करतो. आक्षेप रास्त आहे. मात्र त्याची शहानिशा करायला इतिहासाने एक जोडी तयार ठेवली आहे. हेन्झे जिथे नोकरीला होता त्या ओशन सिटी कंपनीनेही रिळं भरपूर विकली. शहर तेच, काळ तोच, साधारण मालही तोच, आणि हेन्झेचं हातावळण तर तिथेच घडलेलं. ती कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि मग ते नावच बाजारातून उठलं. त्याबरोबर सुटे भाग संपले. आज ओशन सिटीची रिळं जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळतात, पण ती घेऊन समुद्रावर जाणारा क्वचित. केवळ संख्येने टिकाव लागत असता तर दोन्हींची गत सारखी झाली असती. फरक पडला तो पेनने जुनी मापं दशकानुदशकं बदलली नाहीत म्हणून. सिनेटरच्या आराखड्यात कंपनीने फारसं काही नवं केलं नाही, अशी टीका होई. तो आळस असेल तर फार उपकारक आळस म्हणायचा.

जुन्याचं सगळंच टिकाऊ होतं हा समजही इथेच सोडावा. त्या रिळांवर लिननची दोरी असे. ओली झाली की ती मजबूत होई, पण खारं पाणी तिच्यात राहिलं की कुजे. म्हणून दर खेपेनंतर गोड्या पाण्यात खळबळून, मोठ्या चक्रावर उलगडून ती सुकवावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि हे काम सुटलं. पण नायलॉन ताणलं जातं. जोरात ओढून गुंडाळलेली दोरी मागाहून आकसते आणि फिरकीच्या दोन्ही कडांना बाहेर रेटते. प्लॅस्टिकच्या फिरक्या या दाबाने फुटू लागल्या. ज्या रिळांत धातूची फिरकी बदलून बसवता आली ती वाचली, बाकीची गेली. काळाची परीक्षा म्हणतात ती अशी असते. वस्तू जशी बनली तशी तगली, असं सहसा होत नाही. भोवतालची एखादी गोष्ट बदलते आणि तिच्याशी जुळवून घेण्याइतकी ढिलाई वस्तूत आहे का, यावर सगळं ठरतं.

बोटींची कथा याच वळणाने गेली. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून ‘पिलार’ ही ३८ फुटी लाकडी बोट घेतली. तिला दोन इंजिनं होती, एक ७५ अश्वशक्तीचं आणि गळ ओढत संथ जाण्यासाठी दुसरं ४० चं. मासेमारीच्या बोटींत तिच्याइतकी प्रसिद्ध दुसरी नाही. आज ती हवानाजवळच्या हेमिंग्वेच्या घराच्या आवारात छपराखाली उभी आहे, जमिनीवर. उलट बर्ट्रम ३१ पाहा. रे हंट या रचनाकाराने बोटीच्या तळाचा खोल ‘व्ही’ आकार थेट मागच्या टोकापर्यंत नेला, त्यामुळे ती लाटेवर आपटण्याऐवजी लाट कापत जाऊ लागली. रिचर्ड बर्ट्रमने या आराखड्यावर ‘मॉपी’ नावाची लाकडी बोट बांधून घेतली आणि १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात आठ तासांत जिंकली. मग त्या लाकडी तळावरूनच साचा काढून १९६१ पासून फायबरग्लासची बर्ट्रम ३१ विकायला आली. १९८३ पर्यंत तिच्या १,८०० हून जास्त प्रती निघाल्या. मूळ लाकडी बोट फक्त साच्याच्या कामी आली आणि तिच्या नकला समुद्रावर राहिल्या, याहून माझ्या मुद्द्याला बळकट पुरावा नको. त्या काळी फायबरग्लासच्या ताकदीचा नीट अंदाज नव्हता म्हणून थर जाड घालत. ही जाडी अज्ञानातून आली, कारागिरीचा तिच्याशी संबंध नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती इंजिनांची जागा. बर्ट्रम ३१ मध्ये दोन्ही इंजिनं मागच्या मोकळ्या डेकवर पेट्यांखाली असतात. पेटी उचलली की माणूस चारी बाजूंनी इंजिनाला हात घालू शकतो. मूळची पेट्रोल इंजिनं काढून डिझेलची बसवलेल्या बर्ट्रम पुष्कळ आहेत, आणि डेक न फोडता हे करता येतं म्हणूनच त्या आहेत.

पण लाकडी बोटी सगळ्याच संपल्या का? नाही, आणि माझ्या मुद्द्याला खरी अडचण इथे आहे. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचच्या रिबोविच कुटुंबाने १९४७ मध्ये ‘मिस शेव्ही टू’ ही बोट बांधली. मोठ्या माशांच्या गळमारीसाठीच मुळापासून आखलेली ही पहिली आधुनिक बोट समजली जाते. एकेक बोट गिऱ्हाइकाच्या मर्जीने, हाताने, लाकडात घडवायची त्यांची पद्धत होती. माझा नियम काटेकोर असता तर या बोटी व्होम होफच्या रिळांसारख्या कपाटात जायला हव्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच अजून पाण्यात आहेत. त्याचं कारण असं की लाकडी बोटीचा सुटा भाग म्हणजे फळी, आणि ती बसवू शकणारा सुतार त्या किनाऱ्यावर टिकून राहिला. त्याला पोसणारे पैसेवालेही टिकले. म्हणजे भाग कारखान्यातून यावा असं नाही, माणसाच्या हातातूनही येऊ शकतो. फक्त तो हात महाग असतो. आपल्या कोकणात लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली तिथे हाच हिशेब उलटा झाला. नियम मोडत नाही, पण त्याला किमतीची अट जोडावी लागते, हे मान्य.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. जुन्या सामानाने मासेमारी ‘खिलाडूपणाची’ होते असं त्याचे चाहते म्हणतात. आणि होल्डरच्या काळी ते खरंही होतं, कारण तुलना जाड हातदोरीशी होती. आता तुलना बदलली आहे. आज मोठा मासा बहुतेक वेळा सोडून द्यायचा असतो, आणि तो जगावा तर लवकर जवळ आणायला हवा. चार तास झुंजवलेला मासा सुटून पोहत गेला तरी पुढे तगेल याची खात्री नसते. १९६० च्या दशकात पेननेच ‘इंटरनॅशनल’ हे दांडीच्या ड्रॅगचं रीळ आणलं. त्यात ओढ जास्त, एकसारखी आणि बोटाच्या हालचालीने नेमकी कमीजास्त करता येणारी. सोडून द्यायच्या मोठ्या मासळीसाठी जुन्या सिनेटरचा हट्ट धरणं म्हणजे आपल्या करमणुकीचा भार माशावर टाकणं होय. मी तरी त्याचं समर्थन करणार नाही. जुनं रीळ तळाच्या माशांना, किनाऱ्याजवळच्या पट्टेदार बासला, पाच-दहा किलोच्या खेळीला लावावं. तिथे ते नव्याच्या तोडीस तोड चालतं. बोटींबद्दलही असंच तारतम्य हवं. खोल ‘व्ही’ची बोट उभी असताना झुलते, इंधन भरपूर खाते, आणि फायबरच्या आत दडलेलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली बोट सगळ्यांत महाग पडल्याची उदाहरणं बंदराबंदरात मिळतील.

उरला एक जुनाच तात्त्विक प्रश्न. चकत्या बदलल्या, फिरकी बदलली, इंजिनं बदलली, तर मग जुनं राहिलं काय? कपाटवाल्या संग्राहकासाठी हा प्रश्न खराच गंभीर आहे, कारण त्याच्या रिळाची किंमत मूळ भागांवर ठरते. वापरणाऱ्याला तो फारसा पडत नाही. पेनने पुढे कार्बन फायबरच्या चकत्या काढल्या तेव्हा त्या जुन्याच मापांत, जुन्याच नंबरांनी काढल्या. कॅलिफोर्नियातल्या कार्ल न्यूवेल या यंत्रकाराने पेनच्या रिळांना बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फिरक्या, दांड्या आणि बैठका विकायला सुरुवात केली. मोठ्या माशाच्या ओढीने पेनची पातळ चौकट मुरडते, ही तक्रार त्याने कंपनीच्या बाहेर बसून सोडवली, आणि पुढे त्या सुट्या भागांच्या धंद्यातूनच न्यूवेल नावाची स्वतंत्र रिळं उभी राहिली. १९३० च्या दशकातला आराखडा अनोळखी माणसाला सुधारता यावा इतका उघडा होता. नंतर पेन कंपनी हेन्झे कुटुंबाकडून के-टू या मोठ्या उद्योगाकडे गेली आणि तेव्हापासून मालक आणखी बदलले, तरी जिगमास्टर खोलून बसलेल्या माणसाला लागणारी ‘६-६०’ आजही मिळते, कधी कंपनीची, कधी कुण्या छोट्या कारखान्यात कापलेली.